रिकामी बॉबिन

गोधड्या शिवणाऱ्या आक्कांचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं. आज मात्र ते बंद होतं. मास्तरीणबाईंनी आपल्या वारलेल्या वडिलांचे रेशमी सदरे जोडून गोधडी करायला दिली होती आणि बजावलं होतं, "टाका दिसला तर बघा हं, आक्का!" म्हणून आक्कांनी वर न दिसणारा नायलॉनचा दोरा लावला होता.

कडेची शेवटची रांग संपवून त्यांनी गोधडी उलटली, तर खाली टाकाच नाही! खालच्या बॉबिनचा दोरा मघाशीच संपला होता. वरचा दोरा दिसतच नाही, मग कळणार कसं? ओढताच तो अख्खा हातात आला. रेशमावर उरली नुसती भोकं! टीप उसवता येते, भोक कसं उसवणार?

"झालं का हो?" बाई दारात हजर.

"बसा, एवढी कड राहिलीय."

आक्कांनी बॉबिन भरली. हाताने चाक फिरवत एकेका जुन्या भोकातच सुई उतरवली.

"आज गप्पशा?"

"टाके मोजतेय. बोलू नका!"

अखेर बाईंनी कड उजेडात धरली, चष्मा पुसून पुन्हा धरली.

"कमाल आहे! एकही टाका दिसत नाही."

"कसा दिसेल?" आक्कांनी घाम पुसला. "दोनदा घातलाय!"