फोटो राहू देत, आधी जेवण

लेकीच्या लग्नात वरपक्षाच्याही आधी जेवलेली वधूची आई रत्नागिरीत बहुधा मी एकटीच असेन.

मला मधुमेह आहे. रात्री सावकाश काम करणारं इन्सुलिन घेते आणि जेवणाआधी दुसरं, झटपट काम करणारं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हे टोचलं की जेवण लांबवायचं नाही. साखर भराभर उतरते." घरी ते सोपं असतं. लग्नात मात्र आचारी म्हणाला, "काकी, पानं मांडतोय," आणि मी लगेच खोलीत जाऊन पोटाला इन्सुलिनचं पेन टोचून आले.

बाहेर येते तर फोटोग्राफरने गाठलं. आधी मावश्या, मग चुलत घराणं, मग कुणी राहिलेले काका. मला दरदरून घाम फुटला. उकाड्याने असेल, म्हणून मी हसत उभी राहिले.

विहीणबाई शेजारीच होत्या. संगमेश्वरच्या, बोलायला एकदम सडेतोड. त्यांनी माझा हात धरला. "ताई, थरथरताय तुम्ही. काय होतंय?"

"जेवणाचं इंजेक्शन घेतलंय, नि जेवण राहिलंय."

"मग उभ्या कशाला? फोटो काय पळून जातायत?"

जावयाच्या हातातलं कोकम सरबत त्यांनी काढून घेतलं आणि मला पाजलं. चांगलं गोड होतं. ह्यांनी मशीन आणून माझं बोट टोचलं. साखर बरीच खाली होती. आणखी एक ग्लास झाला. थोड्या वेळाने पुन्हा तपासलं, तेव्हा कुठे ती चढायला लागली होती.

"आता आधी ताईंचं पान घ्या," विहीणबाईंनी फर्मावलं.

"अहो, आज आग्रह मी करायचा तुम्हाला!"

"पुढच्या खेपेला करा."

"पुढची खेप?" हार घातलेली लेक स्टेजवरून ओरडली, आणि सगळा हॉल हसला.

विहीणबाईंनी स्वतः वरणभात वाढला, वर तुपाची धार धरली, आणि मी जेवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. मला संकोच वाटला, पण त्याहून जास्त बरं वाटलं. लेक चांगल्या घरी पडली होती.

डॉक्टर ऐकून हसले. म्हणाले, "बाहेर जेवायचं असेल तर पान वाढल्याशिवाय पेन काढूच नका."

गणपतीत लेकीच्या सासरी गेले होते. पडवीत गप्पा रंगल्या होत्या, तेवढ्यात स्वयंपाकघरातून विहीणबाईंची हाक आली, "ताई, वाढलंय हो! टोचा आता!"