खडूची कॅरॅव्हॅन

खडूचा वास आला की सक्करदऱ्यातली आमची गच्ची आठवते. सुट्टीसाठी कॅरॅव्हॅन भाड्यानं घ्यायची ठरली, पण एवढ्याशा गाडीत अख्खं घर मावतं कसं, हे कुणालाच कळेना. म्हणून बाबांनी गच्चीवर खडूनं खऱ्या मापाची गाडी आखली. तापलेल्या फरशीवर, त्या रेघांच्या आत दाटीवाटीनं बसून आम्ही भावंडं भांडत होतो: गाडी जंगलाजवळ लावायची की तलावाकाठी? आई मात्र खडूच्या शेगडीपुढे जाऊन उभी राहिली. "अहो, इथली खिडकी कोणीकडे उघडते?" "काहून?" बाबांनी विचारलं. "घरी स्वयंपाक करताना शेजाऱ्यांची भिंतच पाहून राहिली मी इतकी वर्षं. तिथं मले पाणी दिसलं पाहिजे." बाबांनी वाकून खिडकीबाहेर मोठा तलाव काढला. आता भाड्याचं कुठलंही घर पाहायला गेले, की मी आधी ओट्यासमोरची खिडकी उघडून बघते.