रिकाम्या खुर्चीपुढचा पेला

दारूचा मला तिटकारा. तरी एक पेला जन्मभर लक्षात राहिलाय. लढाईची वर्षं होती. माथेरानच्या एका हॉटेलातलं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायला मी नेरळहून वर गेलो होतो. शेजारीच तिथला म्हातारा बटलर जिनमध्ये बर्फ ढवळत होता. लांब चमचा गरगर फिरत होता, पण काचेला लागल्याचा आवाज नाही.

एकट्याच आलेल्या मडमेनं दोन पेले मागवले होते. तिचा बिनसाखरेचा झाला. दुसऱ्यासाठी त्यानं खिशातून पुडी काढली. रेशनची, त्याच्या स्वतःच्या चहाची साखर! थंड दारूत ती विरघळत नाही, म्हणून आधी कोमट पाण्यात विरघळवली आणि पाक बोटांत धरून पाहिला.

"आणखी कोण येणार आहे?" मी विचारलं.

"कोन नाय. बाईंचं साहेब लढाईत कामी आलं. त्यांना गोड लागायचं."

"मग साखर कशाला वाया घालवता? पिणार कोण?"

हात न थांबवता तो म्हणाला, "पिनारा नाय, म्हून फिकं देऊ काय?"

त्यानं तो पेला रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला, आणि लगेच उचलून डाव्या बाजूला ठेवला. मडमेनं झटकन मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

साहेब डावखुरा असावा.