तिसऱ्या डब्याचं बेअरिंग

सोमवार, अकोला. हजर : मी, आमचा फिटर आणि खर्च मंजूर करणारे साहेब. साहेब अर्धा चहा पितात, उरलेला बशीने झाकून ठेवतात. अमरावतीच्या गाडीत तिसऱ्या डब्याचं बेअरिंग घरघरतंय, जाम झालं तर डबा रुळावरून उतरेल, आताच बदलू, असं मी म्हणालो.

"तपासणीत पास होऊन राहिलं ना? मंग काहून बदलता, भाऊ?"

"मूर्तिजापूरपाशी जाम झालं, त लोकायले तुमचा उरला चहा पाजसान काय?" फिटर म्हणाला. साहेब हसले. मंजुरी पुढच्या महिन्यावर गेली.

संध्याकाळी त्यांची मुलगी त्याच गाडीने निघाली. ती तिसऱ्या डब्यात बसलेली पाहून साहेबांनी तिला उतरवलं.

"माय, मांगच्या डब्यात बस. इथं लय गर्दी हाय."

डबा निम्मा रिकामा होता. मी फलाटावरून पाहत होतो. साहेब माझी नजर चुकवून चष्मा पुसत राहिले.

बेअरिंग बदलायचं अजून बाकी आहे. गाडी रोज जाते.