यू, एक्स, ओ, आर

मेथीची जुडी अर्धी निवडून झाली होती. आज गुरुवार, दत्ताचा नैवेद्य वेळेत व्हायला हवा; तेवढ्यात वारज्याहून स्वरालीच्या वडिलांचा, माधवरावांचा फोन. आमच्या पुष्करची आणि तिची पत्रिका जुळली, दोघांची पसंतीही झाली, फक्त वडीलधाऱ्यांचा होकार यायचा होता. माधवरावांनी फार संकोचाने विचारले, "वहिनी, बायोडेटात लिहिलंय ते दुखणं मुलाला लहानपणापासून आहे का?"

मी ह्यांच्याकडे पाहिले.

हे, म्हणजे शरच्चंद्र, बँकेतून निवृत्त झाल्यापासून इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसतात. सोसायटीच्या पाणीबंदच्या सूचनेतही असा शब्द घालतात की नळ कोरडा पडेपर्यंत कुणाला कळत नाही. कॉम्प्युटरवाल्या मुलांचे बायोडेटे सगळे सारखेच, म्हणून ह्यांनी पुष्करच्या स्वभावापुढे ‘अक्सोरियस’ असे टाइप करून घेतले होते.

फोन घेऊन ह्यांनी आधी स्पेलिंग सांगितले, मग मूळ. लॅटिनमध्ये ‘अक्सोर’ म्हणजे बायको, तेव्हा अक्सोरियस म्हणजे बायकोवर माया करणारा. माधवरावांचा जीव भांड्यात पडला. पण त्यांच्या मंडळी, सुहासिनीबाई, शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांनी डिक्शनरी काढली आणि उलट फोन केला.

"माया नाही हो, अती माया. मराठीत त्याला बाईलवेडा म्हणतात. होकाराचं आम्ही जरा थांबतो."

ह्यांच्या डिक्शनरीत पाहिले तर ‘अती’ तिथेही होते, कंसात. हे म्हणे, कंसातलं मी धरत नाही.

"मराठीत शब्द होता, मग तोच का नाही लिहिलात?"

"तो वाईट दिसतो."

एवढ्यात करपल्याचा वास आला. कुकर ह्यांच्या हाताशी शिट्ट्या देत होता. गॅस बंद करायचा असतो, हे लग्न झाल्यापासून ह्यांना ठाऊक नाही. आणि बायकोवरच्या मायेचा शब्द शोधतात हे, तोही मुलाच्या माथी मारायला.

दुपारी पुष्करचा ऑफिसातून फोन आला. स्वराली त्याला म्हणाली होती, मला शब्द चालेल, आईचं तेवढं बघा. त्याचा आवाज रडवेला होता. "आई, तू जा. बाबांना नेऊ नकोस."

दत्तासमोर दूधसाखर ठेवली. मेथी तशीच ओल्या फडक्यात आहे. सुहासिनीबाईंना सांगायचे, की त्या दुखण्याची आमच्या घरात अजून कुणाला लागण नाही.

आता वारज्याची बस पकडायची.