दिवसा सांगितलेली गोष्ट

गोष्टीतली मुलगी घराबाहेर पडते तेव्हा तिच्याकडे भाकरीचा तुकडा नसतो, पायात वहाण नसते, आणि तरी ती जंगलंच्या जंगलं ओलांडते. माझी नात हल्ली जी जाडजूड पुस्तकं वाचते, त्यांतल्या मुलींकडे तर तलवारी असतात, उडणारी जनावरं असतात. ती हौसेनं मला चित्रं दाखवते. मी चष्मा पुसून बघते, "छान आहे हो" म्हणते आणि मनातून चिडते. नातीवर नाही, त्या तलवारवालीवर.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीहून डोळखांबच्या अंगाला. जंगल आम्हाला रोजचंच. त्यात राक्षस नव्हता, फॉरेस्टचा गार्ड होता, आणि त्याच्यापुढे अक्कल चालत नसे, डोक्यावरची मोळी टाकून पळावं लागे. ताई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. दिवे लागून जेवणं झाली की ओट्यावर ती गोष्टी सांगायची. तिच्या गोष्टींत राजपुत्र फारसे नसत. असलाच एखादा तर तो बेशुद्ध पडलेला असे आणि कुणीतरी पोर त्याला उठवून घरी धाडी. तिची लाडकी म्हणजे मोळीवाली. सावत्र आई तिला कोयत्याशिवाय लाकडं आणायला पाठवते. ती थेट राक्षसाच्या गुहेत शिरते, त्याच्या डोक्यातल्या उवा काढता काढता त्याचा जीव कुठल्या केसात आहे ते गोडीगुलाबीनं काढून घेते, आणि तो केस उपटते. सावत्र आईचं बोलणं ताई नाकातून काढायची. आम्ही हसून लोळत असू.

ताई स्वतः सहावीत होती. रोज किन्हवलीच्या शाळेत चालत जायची. पुढल्या वर्षी सातवीची फायनल परीक्षा द्यायची आणि मास्तरीण व्हायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. "पाढे चुकलीस तर पयली छडी तुलाच," असं मला बजावायची. मला ती छडीसुद्धा हवीशी वाटे.

माघात निरोप आला, मामा येतोय. मुरबाडकडच्या एका बिजवराचं स्थळ त्यानं काढलं होतं. बायको बाळंतपणात गेलेली, पदरात लहान मुलगी, भातशेती भरपूर. मामानं स्थळ आणलं की ते झालंच. बाबा त्याच्या शब्दाबाहेर नव्हते आणि आईला भावाचा शब्द म्हणजे देवाचा कौल. ताईनं जेवण टाकलं. आई म्हणाली, "पोट दुखत आसंल तिचं."

आमच्याकडे एक नेम पाळत. दिवसा गोष्ट सांगायची नाही, सांगितली तर मामा वाट चुकतो. पोरांनी उन्हात गोष्टीचा हट्ट धरला की मोठी माणसं हेच सांगून गप्प करत. मामा यायचा त्या सकाळी आम्ही दोघी राबावर होतो. भाताची रोपं करायची जमीन आधी भाजून घ्यावी लागते, त्यासाठी तिच्यावर शेण, टहाळं, पातेरा असे थर पसरायचे. डोक्यावरचा भारा टाकला आणि मी म्हटलं, "ताई, गोष्ट सांग ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रागावणार. शिकलेली पोर, असल्या समजुतींना हसणारी. पण तिनं एकदा मुरबाडच्या वाटेकडे पाहिलं आणि सांगायला लागली. भर उन्हात, हातातलं काम न थांबवता. मोळीवाली संपली तशी विहिरीत उतरणारी राजकन्या आली, मग सर्पाशी भांडणारी कोळ्याची पोर. घसा बसला तरी ती थांबली नाही. मामा दुपारी जेवायला यायचा होता. दुपार टळली. आईनं त्याचं ताट झाकून ठेवलं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. ताईनं माझा हात धरला आणि ती हसली.

दिवेलागणीला मामा आला. वाट चुकला नव्हता. नवऱ्याकडची माणसं बरोबरच आणावीत, म्हणजे बोलणी एका दमात उरकतील, म्हणून त्यांच्यासाठी खोळंबला होता. आम्ही त्याची वाट चुकवत होतो आणि तो सुपारी फोडायची तयारी करत होता. त्याच बैठकीत सुपारी फुटली. ताई चुलीपाशी होती. मी कानाशी लागून विचारलं, "आता?"

"आता काय," ती म्हणाली. "चहाचं आधण ठेव."

पुढे फायनल मी दिली आणि मास्तरीणही मीच झाले. ताईचे हाल बघून आईचं मन पालटलं, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मधल्या काळात मामा वारला आणि माझ्यासाठी स्थळ आणणारं कुणी उरलं नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत मी एस.टी.नं मुरबाडला उतरले आणि चालत ताईच्या घरी गेले. अंगणात मला वाटलं तिची सासूच बसली आहे. ती ताई होती. पंचविशीसुद्धा उलटली नव्हती तिची. तेवढ्यात बिजवराची ती मुलगी पाण्याचा हंडा घेऊन आली, आता बारा-तेरा वर्षांची झालेली, उंबऱ्याला अडखळली आणि पाणी सांडलं. ताईनं उठून तिला मारलं. रागानंही नाही, माशी हाकलावी तसं. पोर रडली नाही. फडकं आणून पुसू लागली. मला ताईचा असा राग आला की एस.टी. असती तर मी तशीच परतले असते.

जेवणं झाल्यावर ती पोर माझ्याजवळ सरकली. "मावशी, तुमी मास्तरीन ना? येक गोष्ट सांगा ना."

मी तोंड उघडलं तोच चुलीकडून ताई म्हणाली, "नको. तिला नको सांगू."

"का गो?"

"गोष्टीतल्या पोरी घर सोडून जातात. हिनं आयकलं तर ही पन जाईल." ती भांडी घासत होती, तिनं वर पाहिलं नाही. "मी मारते तिला, मला ठावं हाय. मारायचं नाय म्हनते आनि हात उठतो. ती जाईल, पन कुठं जाईल? मी तेवा गेले असते तर कुठं गेले असते? लय इचार केला मी, मला कायच सुचलं नाय. तू शिकलीस, तू सांग."

मी शहापूर आठवलं, वाशिंद, कल्याण आठवलं, ओळखीची दारं एकेक करून मनात ठोठावली. नोकरीच्या गावी मी स्वतःच दुसऱ्याच्या पडवीत राहत होते. एवढ्या मुलखात घर सोडून आलेल्या पोरीला आत घेईल असं एक दार मला आठवेना. ताई उत्तराची वाट बघत थांबली होती, खरोखरच थांबली होती. पोर माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी पोरीला म्हटलं, "मला गोष्टी येत नाहीत गो."