बेटावरची झोप

जळकोटच्या पलीकडं डोंगरात एक गाव आहे, त्याला सगळे बेटच म्हणतात. आम्हा लातूरकडच्या माणसांना कुठला समुद्र आणि कुठलं बेट! पण तलाव झाला, पाणी डोंगराच्या चारी अंगांनी फिरलं आणि वरची घरं मधेच अडकली. माझी आक्का तिथं राहायची. भूकंपात तिचं किल्लारीकडचं घर बसलं, दाजी त्यातच गेले. तेव्हापासून ती या बेटावर लेकाच्या शेतात पत्र्याखाली राहायला गेली, ती पुन्हा खाली उतरलीच नाही.

एका हिवाळ्यात मी तिला आणायला गेले. नात लातूरला क्लासला होती, डॉक्टरकीची परीक्षा द्यायची होती. तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतलेली, आणि तिचा डबा, चहा, धुणंभांडी बघायला मी. दमून गेले होते बाई. त्यात माझी झोप भूकंपानंच नेलेली. तेव्हा आमच्याकडं घरोघर एक सवय लागली होती. उशाशी तांब्या ठेवायचा, त्यावर पेला उपडा. जमीन हलली की पेला पडून वाजतो आणि माणूस बाहेर पळतो. लोकांची सवय गेली, माझी गेली नाही. वरच्या मजल्यावरच्या पोरानं खुर्ची ओढली तरी माझा पेला खणखणायचा, आणि मी नातीला ओढत जिन्यात!

"आजी, भूकंप नाही गं," ती जांभई देत म्हणायची, "तो वरचा फिजिक्सला बसलाय."

म्हटलं, आक्काला आणू. परीक्षेपर्यंत दोघी आलटून पालटून करू, मलाही जरा पाठ टेकता येईल.

एसटीनं जळकोट, पुढं जीप, मग पायी. पाण्याच्या काठाला होडी म्हणून काय होतं, तर गुऱ्हाळातली जुनी काईल! गूळ आटवायची ती भलीमोठी कढई. वल्हं मारणारा बाबा म्हणाला, "मावशी, मधोमध बसा अन् हालू नका. ही गरगर फिरती. भ्या वाटलं तर डोळे मिटा."

"मिटले अन् बुडाले तर?"

"मग उघडून तरी काय करनार?"

पलीकडं नुसता चढ. दोन्ही बाजूंना वाळलेल्या सीताफळी, मधे मधे करडईचे काटे. थंडीनं गुडघे धरले होते. दिसेल त्या दगडावर बसत बसत वर गेले.

आक्का दारातच होती. "आलीस? तोंड बघ कसं झालंय, सुकल्या वांग्यावानी."

भाकरी खाल्ली आणि विषय काढला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तिसरा मजला? म्हंजी आपल्या खाली बी लोक अन् डोक्यावर बी लोक?"

"हाव."

"न्हाई बाई. मला परत सासरी धाड, सासूच्या हाताखाली नांदते, पन तितं न्हाई."

"आक्का, मी लई दमले गं."

"ते दिसतंय की." असं म्हणून तिनं अंगणात उन्हाला वाकळ टाकली. "पड जरा."

सवयीनं मी तांब्या-पेला मागितला. तिनं तिचाच आणून दिला. पडून पडून त्या पेल्याला पोचे आले होते. मी तो तांब्यावर उपडा घातला आणि आडवी झाले.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. तांब्या उघडाच. आक्का माझ्या उशाशी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, आणि सोले टाकत होती त्याच पेल्यात.

"आगं, पेला का काढलास?"

"मी बसले हुते की. हाललं असतं तर मीच हाक मारली असती."

मग मी तिला पुन्हा 'चल' म्हटलं नाही. तिनं सोले पदरात बांधून दिले, उतारापर्यंत सोबत आली, पाण्यापर्यंत नाही.

"एकट्याच?" काईलवाल्यानं विचारलं.

"एकटीच."

लातूरला जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबले. नातीनं दार उघडलं, माझ्या मागं बघितलं. "मोठी आजी?"

"नाही येत ती."

सोल्यांची आमटी केली. पोरगी दोनदा वाढून घेऊन पुन्हा पुस्तकात गेली. मी भांडी घासली, तांब्या भरला, त्यावर पेला उपडा घातला आणि वरची खुर्ची कधी सरकतेय ते ऐकत पडून राहिले.